अठ्ठेचाळीसची अपेक्षा

आमच्या अपेक्षाताईला पहिलं सुवर्णपदक मिळालं ते एकही ठोसा न मारता. दौंडला जिल्हा स्पर्धा होती, ताई पंधरा वर्षांची होती आणि अठ्ठेचाळीस किलोच्या गटात तिच्याशिवाय दुसरी पोरगीच आली नव्हती. ताई रिंगमध्ये चढली, पंचांनी तिचा हात वर केला, ताई खाली उतरली. पाटसच्या चौकात फ्लेक्स लागला, 'सुवर्णकन्या'. दादा, म्हणजे आमचे वडील साहेबराव, भेटेल त्याला सांगायचे, "समोरची आलीच न्हाई. भिऊन!"

गट ज्ञानेशसरांनी निवडला होता. सर रांजणगावला कंपनीत पहिली पाळी करतात आणि संध्याकाळी दौंडला बॉक्सिंग शिकवतात. बोलतात नाकातून, आणि वाक्यामागं 'बघ म्हंजी' लागतंच. "अपे, चौपन्नला गर्दी हाय बघ म्हंजी. भरलेल्या यष्टीत कशाला घुसायचं? मागनं मोकळी येती की!" नाक दाबून मी हे घरी म्हटलं की ताई हसून हसून भिंतीला टेकायची.

मोकळी यष्टी पुढंही येत राहिली. सर लढतीही निवडूनच लावायचे. समोरची अंगानं किरकोळ, हातानं कच्ची. "रेकॉर्ड कसा, धुतल्यावानी पायजे बघ म्हंजी." रेकॉर्ड धुतलेला राहिला आणि ताईचं अंग भरत गेलं. खांदे रुंद झाले, वजन चौपन्नावर गेलं. मग स्पर्धा आली की महिनाभर भाकरी बंद, शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा मोजून.

"सर, मला चौपन्नला खेळवा ना."

"पुढच्या वर्षी बघ म्हंजी."

असं चार वर्षं.

चौपन्नला शिरूरची सुवर्णा खेळायची. रविवारी सरावाला दौंडला यायची आणि ताईच्या डाव्या हाताचा मार खाऊन दोरीला लटकायची. "बये, तू आपली अठ्ठेचाळीसलाच ऱ्हा. तेवढे उपकार कर माझ्यावर." तेव्हा हॉलभर हशा व्हायचा. ताईही हसायची.

यंदा ताईला एकोणीस लागलं. दादांनी ओट्यावर बसून निकाल दिला. "राज्याचं मेडल आण, पुढं मी तोंड उघडनार न्हाई. न्हाई आलं तर कंपनीत लागायचं. बास." ताई म्हणाली, "चालंल."

हॉलचा काटा तेव्हा बिघडला होता. ताई रोज सकाळी आमच्या पडवीतल्या कांद्याच्या काट्यावर उभी राहायची. राज्य स्पर्धेला निघायच्या दिवशी आकडा आला सत्तेचाळीस नऊशे. दादांनी स्वतः वाचला, दोनदा. दादा आणि मीही बरोबर गेलो. तिथं पोचल्यावर ताईनं पाण्याचा थेंब घेतला नाही.

वजनाच्या खोलीत बायकाच होत्या, म्हणून मी तिच्याबरोबर आत गेले. ताई काट्यावर चढली. अठ्ठेचाळीस सातशे. वजन घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "चाळीस मिनिटं आहेत, बाळ."

ताईनं दोन स्वेटरांवर रेनकोट चढवला आणि जिने पळाली. वर, खाली, वर. तोंडात चिंच धरून ती डब्यात थुंकत होती. शेवटी थुंकायलाही काही आलं नाही. पुन्हा चढली. अठ्ठेचाळीस दोनशे. मॅडमनी घड्याळ बघितलं. "उतर आता."

बाहेर सर भांडायला लागले, "घरी बरोबर हुतं! ह्यांचाच काटा खोटा हाय बघ म्हंजी!" दादा मात्र पायरीवर मटकन बसले.

कांदा वाळला की वजन उतरतं. साहेबरावाची गोणी कमी भरली, असं बाजारात कुणी म्हणू नये, म्हणून दादांनी काटा तसा लावून घेतला होता. पन्नास किलोला तो आठशे ग्रॅम कमी दाखवायचा, म्हणजे गोणीत तेवढा कांदा आपोआप जास्त पडायचा. आमच्याकडं याला 'घट धरणं' म्हणतात. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला, ताईला, आईला. पण घट गोणीची. माणूस त्या काट्यावर उभा राहतो तेव्हा त्याचीही घट धरली जाते, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"अपे," दादा म्हणाले, "काटा माझा हाय गं."

"व्हय दादा," ताई म्हणाली. "आधी पाणी द्या."

चौपन्नमध्ये सुवर्णाला रौप्यपदक मिळालं. ताईच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की बघणाऱ्याला वाटावं, हीच हरली. ताई तिची पाठ थोपटत होती. सर ताईकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी चौपन्नला..." आणि थांबले. 'बघ म्हंजी' आलंच नाही. मीही ते वाक्य घरी कधी करून दाखवलं नाही.

दादांनी काटा नीट करून घेतला. आता गोणी बरोबर पन्नास भरते. परवा व्यापारी म्हणाला, "काय साहेबराव, हात आखडला व्हय?"

ताईला रांजणगावला पॅकिंगमध्ये घेतलं. रुजू होण्याआधी कंपनीची तपासणी होती, मी सोबत गेले. तिनं चपला काढल्या, सवयीनं कानातलेही काढले आणि श्वास धरून काट्यावर उभी राहिली. कारकुनानं तिच्याकडं न बघताच आकडा म्हणत लिहिला, "चोपन."

ताई उतरली. कानातले घालता घालता मला म्हणाली, "लागला गं माझा नंबर चौपन्नला."