डाव्या पंखाचे टाके

विमानाचं इंजिन बंद झालं तरी डाव्या पंखावरचं कापड थरथरत होतं. मी तळहाताने दाबलं, तर आत गेलं. उजव्या पंखावर टिचकी मारली, टण्ण वाजला. डाव्यावर मारली, नुसतं फद्द.

"चार दिवसांनी तपासणीला ऑफिसर येतोय, मॅडम," नरेश म्हणाला. "हे बघून तो चहासुद्धा न घेता परत जाईल."

नरेश जहाजावर इंजिनीअर होता. रिटायर झाल्यावर राई गावातल्या घरामागच्या शेडमध्ये त्याने दोन सीटचं छोटं विमान स्वतः बांधलं. आत सांगाडा, वर पॉलिएस्टरचं कापड. मी बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये अशाच विमानांना कापड चढवलं, म्हणून त्याने मला बोलावलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पंखाचं कापड हवेत सुटलेलं नाही. गर्वाने सांगते, आणि का सांगू नये?

कापड नुसतं चिकटवून भागत नाही. पंखात बरगड्यांसारख्या पट्ट्या असतात, त्यांना रिब म्हणतात. उडताना हवा कापड वर ओढते, म्हणून ते प्रत्येक रिबला मेणाच्या दोऱ्याने शिवायचं. दर टाक्याला एक गाठ. इथले सगळे टाके नरेशच्या वडिलांनी घातले होते. त्यांचा जन्म मासेमारीची जाळी विणण्यात गेलेला. आता नजर इतकी अधू झालीय की सुईत दोरा ओवता येत नाही.

"बाबांच्याच गाठी सैल झाल्यात," नरेश म्हणाला. "जाळ्याची गाठ विमानाला चालते का कधी? मीच मूर्ख. सगळे टाके कापा मॅडम, मी परत घालतो."

म्हातारबुवा दारात स्टुलावर बसले होते. मला वाटलं आता भांडतील.

"सुटली असंल तर कापा, बाय," ते म्हणाले. "न्हाय सुटली तर हात नका लावू. मना आता दुसऱ्यांदा जमाचा न्हाय."

खरं सांगते, संशय मलाही गाठींचाच होता. साधी जाळ्याची गाठ मेणाच्या दोऱ्यावर सरकते. तिला वर एक वेढा जास्त लागतो. ब्लेड माझ्या हातात होतं. पण त्यांचं बोलणं ऐकून मी ते खाली ठेवलं.

थिनरने एका रिबच्या टाक्यांवर चिकटवलेली कापडी पट्टी सोडवली. दोऱ्यात हुक अडकवला, त्याला घरातला मासे तोलायचा लटकता काटा लावला आणि ओढलं. काटा दहा किलोवर गेला, गाठ जागची हलली नाही. आणखी दोन रिबांवर तेच. टॉर्च मारून नीट बघितलं. प्रत्येक गाठीवर जास्तीचा वेढा होता!

"काका, हा वेढा कोणी सांगितला?"

"कोन सांगनार? मेनाचा दोरा निसटतो. म्हनून दिला."

हा वेढा मी वर्कशॉपमधल्या ट्रेनींना घसा फोडून शिकवलाय. मला इतका आनंद झाला की मी नरेशवरच ओरडले, "इस्त्री आण आधी!"

हे कापड इस्त्रीच्या उष्णतेने आकसून ताठ होतं. कमी तापलं तर ढिलं राहतं, फार तापलं तर कायमचं वाया जातं. म्हणून थर्मोमीटर लावून इस्त्रीच्या डायलवर खूण करायची असते. नरेशने बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण केली होती.

"दोन्ही पंखांना हीच वापरली?"

"हीच. उजवा झाल्यावर हातातून पडली होती. मग स्टेशनजवळ रिपेअर करून आणली. एकदम फर्स्टक्लास चालतेय."

"काय बदललं त्याने?"

"थर्मोस्टॅट."

"आणि खूण नवीन केलीस?"

नरेशने थर्मोमीटर आणला. इस्त्रीला लावला. खूण एकशे पंचाहत्तर डिग्रीची होती, त्या खुणेवर इस्त्री एकशे तीसच्या पुढे जाईना. जहाजाची इंजिनं सांभाळलेला माणूस, आणि फसला कुठे, तर नेलपॉलिशच्या ठिपक्यावर.

नशीब की चूक कमीच्या बाजूला होती आणि शेवटचा रंग, ज्यावर इस्त्री चालत नाही, तो अजून चढायचा होता. डायल नव्याने लावून आधी कोपऱ्यातला एक तुकडा तापवला. सुरकुती डोळ्यांसमोर गेली. मग दोन दिवस मी रिबमागून रिब, टाक्यांपासून लांब राहून इस्त्री फिरवली. एकही टाका कापला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डावा पंख टण्ण वाजला आणि म्हातारबुवा स्टुलावरून उठून आत आले. त्यांनी पंखावरून हात फिरवला.

ऑफिसरनेही दोन्ही पंख वाजवून बघितले. मग विचारलं, "टाके फार एकसारखे आहेत. कोणी घातले?"

लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या कामाच्या वहीत, नरेशने टाके घालणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने त्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी वडिलांचं नाव लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. म्हातारबुवांना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा उठवला. ऑफिसरने त्याखाली आपली सही केली.

धडा म्हणाल तर साधा आहे. रिपेअर होऊन आलेली इस्त्री मोजून घ्यावी. आणि बापाच्या कामाला नावं ठेवायची असतील, तर आधी काटा लावून ओढून बघावं.