ठमीचं वजन वाढवताना

बाई गं, अशी लांब बसून काय वाचतेस? सरक जवळ. आणि हातातलं ते बिस्कीट आधी तुझ्या मांजराच्या तोंडापासून बाजूला घे. "एवढ्याशानं काय होतंय" असं तर मुळीच म्हणू नकोस. हे वाक्य मी म्हणून बसलेय, आणि ते कसं निस्तरलं ते तुला सांगायलाच हे लिहिलंय.

आमच्या घरात मधुमेहाचे दोन रोगी होते, आणि त्यातलं मांजर जास्त समजूतदार होतं.

दुसरे रोगी म्हणजे आमचे हे. केंद्र सरकारच्या आकड्यांच्या खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे, म्हणजे जमनापार, पटपडगंजच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. (इथंच कुठंतरी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मराठी फौज इंग्रजांकडून हरली. अख्खी दिल्ली मोकळी पडलेली असताना नेमकी हीच जागा पसंत करणारे मराठी आम्हीच!) देशात नवं वारं शिरलं होतं. म्हणजे काय, तर प्रत्येक घरात केबल टीव्ही आणि प्रत्येक बाथरूमच्या दाराशी गुलाबी रंगाचा वजनकाटा. आयुष्यभर रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आता कम्युनिटी हॉलमध्ये फी भरून उड्या मारत होत्या, खाल्लेलं उतरवायला!

अशा त्या दिवसांत फक्त आमची मांजरी ठमी काही न करता वाळत चालली होती. खायची राक्षसासारखी, पाणी प्यायची उंटासारखी, आणि दिसायची उपोषणाला बसल्यासारखी. शेजारच्या खन्ना भाभींना तर हेवाच वाटला. "हाय, कितनी स्लिम हो गई! क्या खिलाती हो इसको?"

पण आमची शलाका घाबरली. ठमी तिची. शाळेत असताना दप्तरातून आणलेली. ती आता बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला निघाली होती. "आई, बघ ना, ठमी कशी सुखून गेलीय! हड्ड्या लागतायत गं!" (दिल्लीत वाढलेली मुलगी. मराठीत रडायला सुरुवात करते, पण पोचते हिंदीत.)

जनावरांच्या डॉक्टर बत्रांनी रक्त तपासलं. ठमीला काट्यावर ठेवलं. नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळी चार किलो भरलेली ठमी आता पावणेतीन किलो होती. "शुगर है," ते म्हणाले. "इंजेक्शन दोनों टाइम. और वज़न वापस लाना है, नहीं तो मुश्किल है."

शलाकानं गाडीत बसताना माझा हात धरला. "आई, मी परत येईन तेव्हा ती असली पाहिजे. प्रॉमिस कर."

"अगं, तुझ्या बाबांची साखर बारा वर्षं सांभाळतेय. मांजर म्हणजे काय, एवढंसं तर आहे!" मी म्हणाले.

आणि कामाला लागले. ह्यांना जे, तेच ठमीला. भात बंद, बटाटा बंद, सकाळी कारल्याचा रस. ह्यांनी बारा वर्षांत कारल्याबद्दल जे मनात ठेवलं होतं, ते ठमीनं एका फिस्कारण्यात बोलून दाखवलं. दोन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. पुन्हा डॉक्टर.

"करेला?" बत्रांनी चष्मा काढला. "माताजी, ये बिल्ली है, आपके पति नहीं हैं!"

"पण दोघांचा आजार एकच ना?"

"पति को चूहा खिलाती हैं आप?"

ह्यांना इतकं हसताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरांनी मला नीट समजावलं. दूध-भात, पोळी, बिस्कीट सगळं बंद. उकडलेलं चिकन आणि अंडं, मीठ-मसाला न घालता, इंजेक्शनच्या वेळी ठरलेलं पोटभर. आणि दर रविवारी वजन. सुई टोचायला मी शिकले. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून "झालं का?" विचारायचं काम पत्करलं.

आता वजन करायचं कसं? ठमी काट्यावर ठेवली की उतरायची. टोपलीत ठेवली की टोपली उतरायची. शेवटी आमच्या आकडेतज्ज्ञांनी युक्ती काढली. "तू तिला घेऊन उभी राहा. तुझं वजन त्यातून वजा करायचं. सोपं आहे."

तुझं वजन! मी दार लावून घेतलं, एकटी काट्यावर चढले, आणि जे दिसलं ते देवाशप्पथ फक्त ह्यांच्या कानात सांगितलं. चौसष्ट. (भिशीत अठ्ठावन्न सांगितलेलं होतं.) मग ठमीला छातीशी धरून पुन्हा चढले. आता मांजर हातात असताना खालचा आकडा दिसत नाही. पोट मध्ये येतं, असं ह्यांचं म्हणणं. मांजर मध्ये येतं, असं माझं. म्हणून हे गुडघ्यावर बसून वाचणार, आणि वाचणार म्हणजे कसं, तर लोकसभेत निवेदन केल्यासारखं.

"सदुसष्टच्या किंचित अलीकडे!"

"हळू बोला ना! खिडकी उघडी आहे!"

"सब ठीक, भाभीजी?" खिडकीतून खन्ना भाभी.

हिशेब मात्र डॉक्टरांशी बरोबर जुळला. सदुसष्टच्या किंचित अलीकडेमधून चौसष्ट गेले, राहिली पावणेतीन किलो ठमी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाकला. त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघी काट्यावर चढायचो आणि हे चौसष्ट वजा करायचे. मी एकटी काही पुन्हा चढले नाही. बाईमाणसाला आपलं वजन एकदा कळलं की पुरे. ते काय दर आठवड्याला बदलतं?

(बदलतं.)

कारण असं बघ. ठमीसाठी चिकन शिजवायचं म्हणजे किती शिजवणार? खाटीक अर्धा किलोच्या खाली हात लावत नाही. ठमी खाणार मूठभर. उरलेलं? ह्यांना कोलेस्टेरॉलमुळे बंदी. फेकायचं? आमच्या आईनं आम्हाला अन्न टाकायला शिकवलेलं नाही. मग त्याच्यात थोडं आलं-लसूण, चमचाभर तूप, वरून लिंबू... ठमीच्या ताटलीतलं नव्हे हं, पातेल्यातलं! आणि तेही ओट्याशी उभ्यानं. उभ्यानं खाल्लेलं कुठलीच बाई जेवणात धरत नाही.

ठमीचं वजन वाढायला लागलं. तीन किलो. साडेतीन. सहाव्या रविवारी चार! शलाकाचा एसटीडीवरून फोन यायचा. "आई तू कशी आहेस" वगैरे काही नाही, थेट "वजन?" मी आकडा सांगायचे आणि ती तिकडे बूथमध्ये टाळ्या वाजवायची. मी सोसायटीभर सांगत सुटले. खन्ना भाभींना तर मांजरांच्या खुराकावर अर्धा तास व्याख्यान दिलं.

फक्त ह्यांचं समाधान होत नव्हतं. "अगं, हिच्या पाठीवरून हात फिरव. कणा अजून लागतोय."

"तुमचा हात खरखरीत आहे. कॅलेंडर बघा!"

"आमच्या खात्यातही हेच व्हायचं," हे पुटपुटले. "आकडा वर जायचा, आणि माणसाच्या बरगड्या जिथल्या तिथे."

मी लक्ष दिलं नाही. आठव्या रविवारी ह्यांनी एकोणसत्तर वाचले. म्हणजे ठमी पाच किलो! आता मात्र मी विचारात पडले. डॉक्टरांनी चार सांगितली होती. जास्त वजन साखरेला वाईट, हे तर मला बारा वर्षं तोंडपाठ. डॉक्टरांना विचारावं? छे! एवढंसं तर कळतं आपल्याला. सोमवारपासून मी ठमीचं जेवण निम्मं केलं. इंजेक्शन होतं तेवढंच ठेवलं.

गुरुवारी सकाळी इंजेक्शन देऊन झालं, आणि तासाभरात ठमी सोफ्यावरून उतरताना एका बाजूला कलली. उठली, परत पडली. मान डुगडुगत होती. हाक मारली तर माझ्याकडे बघेना.

ह्यांनी बत्रांना फोन लावला. पलीकडून ओरडणं मला इकडे ऐकू आलं. "शुगर गिर गई है! मीठा! फ़ौरन! मसूड़ों पे लगाओ और लेके आओ!"

गोड? आमच्या घरात? बारा वर्षांपूर्वी साखरेचा डबा मी स्वतःच्या हातानं हद्दपार केला होता! मी स्वयंपाकघरात वेड्यासारखी डबे उपसत होते. तेवढ्यात हे मुकाट्यानं आतल्या खोलीत गेले, कपाटातल्या जुन्या फायलींचा गठ्ठा सरकवला, आणि त्यामागून गुलाबजामचा डबा काढून माझ्यापुढे धरला. अर्धा रिकामा.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांचं कारलं दोघांच्या मध्ये उभं राहिलं. पण बोलते कशी? मी पाकात बोट बुडवून ठमीच्या हिरड्यांना चोळत होते आणि ती, अगं, जीभ काढून चाटायला लागली होती! माझ्या डोळ्यांतून धारा. "चाट, बाळे, चाट," मी म्हणत होते, आणि मनात शलाकाचा हात.

दवाखान्यात पोचेपर्यंत ठमीनं डोळे नीट उघडले. बत्रांनी तपासलं, सलाईन लावलं, मग काट्यावर ठेवलं.

"तीन किलो."

"पाच," मी म्हणाले.

"तीन, माताजी."

"अहो, रविवारी पाच होती! चार दिवसांत दोन किलो मांजर जाईल कुठं?"

बत्रांनी चष्मा काढला. (आता मला त्याची भीती वाटायला लागली होती.) "वज़न कैसे करती थीं आप?" ह्यांनी सगळी पद्धत सांगितली. खात्यातल्या भाषेत, अभिमानानं.

"और माताजी का चौंसठ, वो कब का है?"

मग बत्रांनी कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडे बोट दाखवलं. त्यावर अल्सेशियन मोजत. एक अल्सेशियन रांगेत होताच. तो सभ्यपणे बाजूला झाला. मी चढले.

"छियासठ."

सहासष्ट! वजाबाकी करायची गरजच नव्हती. दोन महिने मी ज्या दोन किलोंचे पेढे वाटायला निघाले होते, ते माझे स्वतःचे होते. ठमीच्या वाट्याला आलं होतं पाव किलो. आणि तेवढ्या बळावर मी त्या पोरीचं जेवण तोडलं!

तिथून पुढे ठमीचं वजन भाजीवाल्याच्या तराजूवर झालं. दर रविवारी सकाळी ठेला गेटशी आला की ठमी कापडी पिशवीत, पिशवी एका पारड्यात, दुसरीकडे वजनं. भोवती सोसायटीतल्या बायका. "भैया, ठीक से तोलना!" खन्ना भाभी. "टमाटर में आप जैसे मारते हो, वैसे नहीं!" जेवणाला मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही हात लावला नाही. सव्वातीन. साडेतीन. शलाका यायच्या आदल्या रविवारी पारडी सरळ रेषेत थांबली. चार. पूर्ण चार! बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि मी पदर डोळ्यांना लावून गेटशीच बसले.

शलाकानं आल्या आल्या ठमीला उचललं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि कणा सापडला नाही तेव्हा गळ्यात पडली. ठमीच्या नव्हे, माझ्या.

तेव्हा आता तू लवकर ये बघू. पत्र नको, फोन नको, तूच ये. ठमी तुझ्या मांडीवर येऊन बसेल. चांगली जड लागते आता. चौथा मजला म्हणून कंटाळू नकोस, लिफ्ट आहे. तू लिफ्टनं ये. मी जिन्यात कुठंतरी भेटेनच. दिवसातून चार वेळा चढ-उतार सांगितलीय मला. माझ्या डॉक्टरांनी नाही गं, ठमीच्या!