दुसऱ्याच्या हातचा पांढरा रस्सा

पाटीवर नाव महादेवरावाचं होतं. लाल अक्षरात मोठं नाव, खाली ‘सावजी भोजनालय’ आणि कोपऱ्यात बोकडाचं चित्र. त्या बोकडाशी महादेवरावाचा जेवढा संबंध, तेवढाच आतल्या रश्श्याशी. म्हणजे नरड्याखाली उतरवण्यापुरता. मसाला भाजणार यमुताई, पाट्यावर वाटणार यमुताई, चुलीपुढं बसून डोळे लाल करून घेणार यमुताई. आणि गल्ल्यावर पांढऱ्या सदऱ्यात बसून ‘या जी, बसा जी’ करणार तो तिचा नवरा महादेवराव. नागपूरच्या महाल भागात त्या बोळाच्या तोंडाशी कोणालाही विचारा, तो सांगायचा, महादेवरावाच्या हातचं मटण एकदा खाऊन पाहा. हातचं म्हणे! त्याच्या हाताला कधी साधा कांद्याचा वास आला नाही.

यमुताई पवनीची. आई गेली तेव्हा ती परकरात होती. हात लहान म्हणून भाकर लहान व्हायची, आणि बाप म्हणायचा, “पोरी, जराशी मोठी थाप ना वं.” लग्न होऊन नागपूरला आली, तर सासू अंथरुणाला खिळलेली. पुढं घरच्या हातमागावरचं काम बसलं, लुगडी विकली जाईनात, तेव्हा हिनंच बाहेरच्या खोलीत बाकडी टाकून खानावळ सुरू केली. एवढ्या सगळ्या वर्षांत या बाईला पाटावर बसवून कोणी ताट वाढलं नाही. लग्नाकार्याला गेली तरी बाया ओरडायच्या, “यमुताई आली, आता फिकर नाही!” आणि तिलाच मांडवामागं चुलीकडं ढकलायच्या. याला म्हणे मान देणं म्हणायचं. मान देऊन माणसाला किती राबवता येतं, ते त्या बायांकडून शिकावं.

तिला एकच गोष्ट हवी होती. आपण बसावं आणि दुसऱ्या कोणी केलेलं, दुसऱ्या कोणी वाढलेलं, गरम गरम खावं. बस. सोनं मागितलं नाही, माडी मागितली नाही.

डिसेंबर लागला की अधिवेशनासाठी मुंबईचं सरकार नागपुरात यायचं. सरकार कसलं, अर्धी सहलच ती. साहेबलोक संत्र्यांच्या करंड्या बांधून घ्यायचे, हुरडा खायला शेतावर जायचे, आणि त्यांचे ड्रायव्हर, शिपाई, कारकून पानठेल्यावर विचारत फिरायचे, सावजी कुठं चांगलं मिळतं? पानठेल्यावाला बोट दाखवायचा यमुताईच्या बोळाकडं. ती माणसं यायची, पहिल्या घासाला ठसका लागायचा, नाकाडोळ्यातून पाणी काढत काढत भाकर मागायची. मग यमुताई दारात येऊन उभी राहायची, पदराला हात पुसायची आणि विचारायची, “तुमच्याकडे काय चांगलं भेटते जी?”

असं विचारून विचारून तिनं अख्खा मुलूख डोक्यात साठवला होता. जळगावकडं भरताचं वांगं कापसाच्या काड्यांवर भाजतात. मालवणात माशाच्या आमटीत तिरफळ घालतात. कुठं उतरायचं, कोणत्या गल्लीत वळायचं, कोणत्या वेळी गेलं तर ताजं मिळतं, सगळं तिला तोंडपाठ. आणि गल्ल्यावरून महादेवराव मान वर करून एवढंच विचारायचा, “अन् प्यायले काय भेटते गा तिकडे?” इकडची मोहाची तर त्याला पाठ होतीच. एका शिपायानं गोव्याच्या काजूच्या फेणीचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याच्याही डोक्यात एक सहल शिजायला लागली.

या येणाऱ्यांत एक होता धोंडबा. कोल्हापूरचा, एका साहेबाची गाडी चालवायचा. दर हिवाळ्याला यायचा आणि अधिवेशन संपेपर्यंत दुपारचं जेवण इथंच. एकदा भाकर मोडत तो म्हणाला, “वैनी, तुमचा रस्सा झ्याक हाय, पर आमचा पांढरा रस्सा प्याल तर याड लागंल.”

“पांढरा? मटणाचा?” यमुताईचा विश्वासच बसेना. “मटणाचा रस्सा पांढरा कसा राहीन, बाप्पा!”

“मटणाचंच पानी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ. लाल तिखटाचा कण न्हाई. वाटीनं प्यायचा. माझी कांता असा करती, की पाव्हणा उठायचं नाव काढत न्हाई.”

त्या दिवसापासून यमुताईला दुसरं सुचेना. जन्मभर जिनं भिवापुरी मिरची वाटली, वर तर्रीचा लाल थर आला नाही तर जिला रस्सा उकळला असं वाटायचं नाही, तिनं पांढऱ्या रश्श्याचा ध्यास घेतला. कसा दिसत असेल? कढीसारखा? जिभेला काय लागत असेल? एकदा तिनं स्वतःच खोबरं वाटून करून पाहायचं ठरवलं, आणि मग थांबली. आपणच करून आपणच प्यायचा, तर त्यात काय मजा!

धोंडबाला हे कळलं. भला माणूस. तो म्हणाला, “तुमी या फकस्त. पाटावर बसायचं, हात धुवायलाबी उठायचं न्हाई. कांता वाढंल, तुमी जेवायचं.” हे ऐकून यमुताई आत गेली आणि चुलीतला धूर डोळ्यात गेल्याचं निमित्त करून रडली. असं आमंत्रण तिला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

आणि खरंच, ऐंशी सालच्या शिमग्याआधी महादेवरावानं जाहीर केलं, “आपण कोल्हापूर अन् गोवा करून राहिलो. गाडी ठरवली, गल्लीतली मंडळी आहे संगं.” यमुताईनं चोळीला नवं कापड घेतलं. धोंडबाला कळवलं, त्यानं रजा टाकून घरी थांबतो म्हणून निरोप धाडला. मंडळींच्या बायकाही येणार होत्या; कोणाची सून बाळंत झाली, कोणाला उलट्यांचा त्रास, असं करत करत एकेक गळाली. यमुताईला त्यात काही वावगं दिसलं नाही. डोळ्यापुढं पांढरी वाटी असल्यावर दुसरं काय दिसणार?

निघायच्या सकाळी ती दारात आली, तर गाडीच्या टपावर दोन शेगड्या, कोळशाचं पोतं, पातेली, कणकेचा डबा आणि तिचा स्वतःचा पाटा-वरवंटा.

“हे कायले?” तिनं विचारलं.

“कायले म्हणजे? एवढे लोक काय हवा खातीन?” महादेवराव म्हणाला. “बाहेरचं कोणाले पचत नाही वं. मी सगळ्याईले सांगितलं, खायची चिंता नाही, यमू आहे संगं. म्हणून तर तयार झाले लोक!”

म्हणजे ही बाई सहलीला निघालीच नव्हती. सहलीची भटारीण म्हणून निघाली होती, आणि तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं. मी असते तर तो वरवंटा त्याच्या डोक्यात घातला असता. यमुताईनं नाही घातला. ती गाडीत चढली, कारण रस्ता कुठूनही गेला तरी मध्ये कोल्हापूर होतं. एक जेवण, तिनं मनाशी म्हटलं. बाकी सगळं करते, एक जेवण माझं.

कोल्हापुरात धर्मशाळेच्या अंगणात शेगड्या पेटल्या. महादेवराव म्हणाला, “तू मंडळीचं आटप, मी धोंडबाचं घर पाहून येतो. संध्याकाळी दोघं जाऊ.” तो चौघांना घेऊन गेला. यमुताईनं मंडळींना वाढलं, भांडी घासली, तोंड धुतलं, नवी चोळी घातली, वेणी घातली आणि पायरीवर येऊन बसली. दिवेलागणीला महादेवराव आला, पाय लटपटत होते, तोंडाला वास येत होता. “घराले कुलूप होतं. गावाले गेले म्हणे ते.”

“असे कसे गेले? त्यायनं तर रजा टाकली होती.”

“आता मले काय मालूम! गेले असतीन.”

दुसऱ्या सकाळी गाडी गोव्याकडं लागली. तिथं मंडळींनी फेणी घेतली, मंडळी समुद्रात डुंबली, आणि यमुताईनं माडाखाली शेगडी पेटवून मटण केलं. समुद्र पाहिलास का, असं परतल्यावर बायांनी विचारलं, तर ती म्हणाली, “हाव, दिसत होता.”

धोंडबानं असं करावं, याचंच तिला जास्त लागलं. बोलावून घराला कुलूप लावावं? आपण खानावळवाल्या, आपल्याला कोण पाटावर बसवतं, मोठेपणासाठी बोलला असेल तो. उन्हाळाभर ती हेच उगाळत राहिली.

डिसेंबर आला. अधिवेशनाची माणसं आली आणि दुपारच्या गर्दीत धोंडबाही आला. पण ‘वैनी’ म्हणून आवाज नाही, हसणं नाही. यमुताईही आतून बाहेर आली नाही. दोघं एकमेकांवर रुसलेले. शेवटी तिलाच राहवलं नाही, दारात आली.

“काहून गा धोंडबा, घराले कुलूप लावून कुठं पळाला होता?”

धोंडबाचा घास हातातच राहिला. “कुलूप? वैनी, कांता दोन दिस राबली. पाट मांडला, रांगोळी घातली. महादेवराव चार पाव्हणे घेऊन आले, पोटभर जेवले, पातेलं पुसून खाल्लं. तुमी कुठं म्हणून इचारलं, तर म्हणाले, तिला दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाई, किळस येती.”

बाकड्यांवरची माणसं जेवायची थांबली. महादेवराव गल्ल्यात तोंड घालून बसला.

“कांता रडली वो,” धोंडबा म्हणाला. “तरीबी तुमच्या वाट्याचं काढून डब्यात घालून दिलं. निदान चव बगा म्हणून. तो डबा तरी उघडला, का तसाच फेकला?”

यमुताईनं नवऱ्याकडं पाहिलं. “डबा कुठं आहे जी?”

“अवं, रस्त्यात बसलो होतो आम्ही... बाटली होती, संगं चाखायले काही नव्हतं,” महादेवराव म्हणाला, आणि मग आवाज चढवून, “अन् तुले नेलं असतं तर मंडळीचं कोणी पाहिलं असतं? एवढीशी गोष्ट, किती ताणून राहिली!”

एवढीशी गोष्ट! खरंच आहे, वाटीभरच तर होती.

यमुताईनं हात पुसले. पदर खोचलेला सोडला, बाकड्यांच्या मधून आली आणि धोंडबाच्या शेजारी येऊन बसली. महादेवरावाकडं पाहून म्हणाली, “वाढा.”

“काय?”

“ताट वाढा मले. मी जेवाले बसली.”

तो हसला, इकडं तिकडं पाहिलं. कोणी हसलं नाही. तेव्हा तो उठला, आत गेला. कोणत्या पातेल्यात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, झाकणं पडल्याचे आवाज आले. सदऱ्यावर तर्री सांडून घेऊन तो ताट घेऊन आला आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं भाकर मोडली, घास घेतला. मीठ बरोबर होतं, मसाला बरोबर होता. बरोबर असणारच, तिचाच होता सगळा. बसून जेवली तरी ताटात तिचेच हात. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. या वेळी तिनं धुराचं निमित्त सांगितलं नाही.

“अजून काय पाहिजे वं?” महादेवराव हलक्या आवाजात म्हणाला. ताटात ठेवायची राहिलेली रिकामी वाटी त्याच्या हातात तशीच होती.

“पांढरा वाढा,” ती म्हणाली.

महादेवराव वाटी घेऊन उभाच राहिला. कुठून वाढणार? तिच्या वाट्याचाही तोच पिऊन बसला होता.