म्हैस फळवायला नेली तो दिवस

सन ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं असतील. लग्न होऊन मी सौंसरला आले तेव्हा सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. "चहा झाला असन तं..." असं भिंतीला सांगत, आणि मी कप उंबऱ्यावर ठेवून आत जाई. याला घरंदाजपणा म्हणत.

त्या हिवाळ्यात सासूबाई लग्नाला रामाकोन्याला गेल्या. गडी त्यांना बैलबंडीनं सोडायला गेला, नवरा कचेरीच्या कामानं छिंदवाड्याला. आणि सकाळीच गोठ्यातली म्हैस हंबरायला लागली. चारा खाईना, दाव्याला हिसके देई. मी पांढुर्ण्याच्या कारकुनाची मुलगी. आमच्याकडे दूध गवळ्याच्या किटलीतून येई. त्याआधी ते कुठून येतं याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. पोट दुखत असेल म्हणून मी ओवा-गुळाचा काढा केला. म्हशीनं तो घमेल्यासकट उडवला.

"दुखून नाही राहिलं," सासरे भिंतीला म्हणाले. "तिचं ते आहे."

"ते म्हणजे?"

त्यांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. "हल्याकडं न्या लागते."

हल्या म्हणजे रेडा, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं एकदम उमगलं आणि मी पदर कपाळावर ओढला.

म्हैस एकट्याला आवरेना, म्हणून मलाही निघावं लागलं. पुढे दावं धरून सासरे, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून, जणू सोयरिकीला निघालेत. मागे काठी घेऊन मी. बाजारात कुणीतरी विचारलं, "कुठं निघाले?"

"असंच. पाय मोकळे करून राहिलो."

उरलेली माहिती म्हशीनं ओरडून सगळ्या बाजाराला दिली.

मोहगावच्या वाटेवर एका म्हातारीच्या संत्र्याच्या मळ्यात हल्या होता. तिनं म्हैस खुंटाला बांधली. हल्यानं वास घेतला, नाक वर केलं, वरचा ओठ मुडपला आणि मोठ्या विचारात पडल्यासारखा उभा राहिला. मग कडबा खायला गेला.

"बाई, संत्री पाहा," सासरे पाठ फिरवून म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलले ते हे पहिलं वाक्य. आम्ही दोघं बगिचा विकत घ्यायला आल्यासारखे झाडं निरखत राहिलो.

"अवो, दोघंबी तिकडं काय पाहून राहिले?" म्हातारी ओरडली. "कोणी तरी इकडं पाहा! उद्या म्हणान, झालंच नाही."

सासऱ्यांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. मग मीच वळले. हल्या आला, चढला, एक जोराचा रेटा दिला, उतरला आणि परत कडब्याकडे गेला. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही सकाळपासून लाजत होतो.

"झालं," मी म्हणाले.

"नीट?" त्यांनी संत्र्यांना विचारलं.

"मले काय माहीत, मामाजी?"

म्हातारी हसत खालीच बसली. सासऱ्यांचेही खांदे हलताना दिसले.

परतताना ते चक्क मागे वळून बोलत होते. म्हशीची आई किती दुधाळ होती, तिला कुठून आणलं, सगळं.

काही आठवड्यांनी म्हैस पुन्हा हंबरली. आता गडी घरी होता, नवराही होता. तरी सासरे दाराशी येऊन म्हणाले, "बाई, चप्पल घाल. काय पाहाचं ते तुलेच समजते."

या खेपेला ती गाभण राहिली. दिवाळीच्या सुमारास वगार, म्हणजे मादी पारडू, झाली, आणि सासरे गावभर सांगत सुटले, की आमच्या सूनबाईला जनावरातलं फार कळतं.