पाचशेला तीन कमी

जपानमधल्या मात्सुएच्या ‘उडते मासे’ या बेसबॉल संघात मिनेओ कुसाकाबे चौदा वर्षं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून टिकला, हे ऐकलं की बाहेरगावचा माणूस भुवया उंचावतो. गल्लीतले लोक मात्र शांतपणे चहा पीत राहतात. त्यांना कुसाकाबेचं काम ठाऊक आहे. संघ सात-आठ धावांनी मागे पडला, लोकांनी जेवणाचे डबे बांधायला घेतले, की याला मैदानात धाडायचं. चांगले पिचर दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवायचे असतात आणि उरलेले डाव कोणाला तरी संपवावे लागतात. मांडव रिकामा झाल्यावर सतरंज्या गोळा करणारा एक माणूस असतोच. फरक एवढाच, की सतरंजीवाल्याला चाळीस हजार लोक बघत नाहीत. कुसाकाबेलाही बघत नसत म्हणा. तो येईपर्यंत फार तर चार हजार उरलेले असायचे, आणि त्यातले निम्मे झोपलेले.

बाकीचा वेळ तो मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसे. शेडमध्ये एक बाक होतं आणि भिंतीवर एक फोन. फोन वाजला की प्रशिक्षकाचा आवाज यायचा, “कुसाकाबे, खांदा तयार कर.” की हा उठून वीस-पंचवीस चेंडू टाकायचा. खांदा तापेपर्यंत पुन्हा फोन, “राहू दे.” हा बसायचा. अर्ध्या तासाने पुन्हा, “तयार कर.” शेडमध्ये टाकलेला चेंडू कुठल्या आकडेवारीत येत नाही. ते सगळे चेंडू एका ओळीत मांडले असते, तर मात्सुएपासून ओसाकापर्यंत पोचले असते, आणि तिथेही कोणीतरी ते मारले असते.

“चालेल ना?” असं फोनवर विचारलं, की शेडमधल्या पिचरने एकच उत्तर द्यायचं असतं. “चालेल!” खांदा दुखत असला तरी चालेल, ताप असला तरी चालेल. एकदा तो सकाळी अक्कलदाढ काढून आला होता, तोंडात कापसाचा बोळा. तेव्हाही तो “चावेव!” म्हणाला आणि जाऊन पाच धावा देऊन आला.

असे होता होता त्याचे चारशे सत्त्याण्णव सामने झाले. पाचशे झाले की मैदानाच्या मधोमध पुष्पगुच्छ मिळतो, मोठ्या फळ्यावर नाव लागतं आणि विरुद्ध संघसुद्धा उठून टाळ्या वाजवतो. एका फलंदाजाला एक चेंडू टाकला तरी सामना मोजला जातो. म्हणजे त्याला अजून तीन वेळा मैदानात पाऊल टाकायला मिळालं की झालं. पण मोसमाचे तीनच सामने उरले होते, आणि त्या तिन्हीत आठवणीने कुसाकाबेला खेळवायला प्रशिक्षक काही त्याचा मेहुणा नव्हता. म्हणून त्याला आणखी एक वर्ष हवं होतं. देवळात नाणं टाकून तो एवढंच मागायचा.

आता ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बेसबॉलवाल्यांच्या घरात या आठवड्यात फोनची घंटा आणि मोठा भूकंप यांची दहशत सारखीच असते. संघाला खेळाडू नकोसा झाला, की कचेरीतून फोन येतो, “उद्या दहाला या. सूट घालून.” बस, तेवढंच. कारण सांगत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. गल्लीतले सभ्य लोक या आठवड्यात कुसाकाबेकडे फोन करत नसत. असभ्य लोक मुद्दाम करत आणि “कचऱ्याची पाळी तुमची ना?” असं अगदी गोड आवाजात विचारत.

त्या वर्षी मंगळवारी फोन वाजला. कुसाकाबेने उचलला.

“कुसाकाबेसान? उद्या सकाळी दहाला या. सूट घालून.”

“समजलं,” कुसाकाबे म्हणाला आणि पलीकडून पुढचं वाक्य निघायच्या आत त्याने फोन ठेवला. मग तो तातामीच्या चटईवर पसरला आणि छताकडे पाहत राहिला. बायको फुसाए स्वयंपाकघरात शिंपल्यांचं सूप ढवळत होती. तिने डोकावून पाहिलं आणि गॅस बंद केला.

बुधवारी दहाच्या ठोक्याला कुसाकाबे संघाच्या कचेरीत हजर झाला. सूट लग्नातला होता. पोटापाशी त्याने चौदा वर्षांची सेवा दाखवायला सुरुवात केली होती. व्यवस्थापक आसानुमा टेबलाशी भाताचा गोळा खात होते. कुसाकाबे कमरेतून पूर्ण वाकला.

“चौदा वर्षं सांभाळून घेतलंत. मनापासून आभारी आहे.”

आसानुमांचा घास गालातच राहिला. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने यादी पाहिली. यादी उलटी करूनही पाहिली. यादीत कुसाकाबे नव्हता. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूट घालून वाकलेल्या माणसाला “आपण कशासाठी आलात?” असं विचारणं म्हणजे तिरडीवरच्या माणसाला तब्येत विचारण्यासारखं. आसानुमांनी घास गिळला.

“तुम्ही... स्वतःहून आलात,” ते म्हणाले. “केवढं मोठं मन हे!”

कुसाकाबेला वाटलं, हाकलण्याची ही नवी, सुसंस्कृत पद्धत असावी. तो आणखी वाकला. कारकुनाने निवृत्तीचा कागद आणला, याने सहीचा शिक्का मारला, आणि चहा पिऊन घरी आला.

दाराशी त्सुमोरीसान उभे. हे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं नगरपालिकेत काढल्यामुळे त्यांचा आवाज कायम नोटीस वाचून दाखवल्यासारखा. छातीवर लाल फुलाचा बिल्ला, कपाळावर आठ्या.

“कुसाकाबेसान! दहा वाजता म्हटलं होतं ना! शाळेच्या नव्या मैदानाचं उद्‌घाटन, दोनशे मुलं उन्हात, नगराध्यक्ष कात्री घेऊन उभे, आणि पहिला चेंडू टाकणारा बेपत्ता! शेवटी मी टाकला. माझी कंबर गेली!”

“तो फोन... तुमचा होता?”

“मग कोणाचा? सूट घाला म्हणालो, शाळेत या म्हणणार तर तुम्ही फोनच आपटलात! चौदा वर्षं संघात आहात, एवढा माज?”

कुसाकाबे दाराच्या पायरीवर मटकन बसला. फुसाए आतून आली. तिने सगळं ऐकलं, सगळं समजून घेतलं आणि आधी पोट धरून हसली. मग तिने डोळे पुसले.

“अहो, मग परत जा आणि सांगा त्यांना.”

“काय सांगू? चुकून निवृत्त झालो म्हणून?”

“हो. तेच सांगा. खरं तेच सांगायचं असतं.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक!” फुसाएने शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीचा पडदा जरासा हलला. “लोकांना तर मी चहालाच बोलावते थांबा. पडद्याआडून नीट ऐकू येत नसेल.”

दुपारी दोन वाजता तोच सूट पुन्हा आसानुमांसमोर वाकला. या वेळी अर्धवटच, कारण पाठ धरली होती. त्याने झालेलं सांगितलं. शाळा, त्सुमोरीसान, फोन. आसानुमांनी डोळे मिटून ऐकलं.

“बारा वाजता वर्तमानपत्रांना कळवलं,” ते म्हणाले. “आता परत घेता येत नाही.”

“मला एकच विचारायचंय. मी आलो नसतो तर यादीत माझं नाव कधी आलं असतं?”

आसानुमांनी खिडकीबाहेर पाहिलं. कारकुनाने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

“खरं सांगू? आलंच नसतं. यादी करताना तुम्ही कोणाला आठवलाच नाहीत. गेल्या वर्षीही नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही नाही.” मग त्यांना वाटलं आपण दिलासा द्यायला हवा. “म्हणजे, वाईट अर्थाने नाही.”

झालं! चौदा वर्षं टिकण्यामागचं कौशल्य असं बाहेर पडलं. बिचारा एवढी वर्षं खांद्याला मलम चोळत होता.

आयुष्यात कुसाकाबेने संघाकडे काही मागितलं नव्हतं. चेंडूसुद्धा दुसऱ्यांनी वापरून टाकलेलेच घेत असे. आता मात्र त्याचे कान लाल झाले.

“तीन सामने उरलेत,” तो म्हणाला. “तिन्हीत मला उतरवा. एकेकच फलंदाज.”

“निवृत्त होणाऱ्याला एक सामना देतात, कुसाकाबेसान. तोही मोठ्या खेळाडूला.”

“मला तीन हवेत.”

“प्रशिक्षकांना विचारावं लागेल.”

“विचारा. मी इथेच बसतो. बसायची सवय आहे मला.”

तो पाच वाजेपर्यंत बसला. आसानुमांना घरी जायचं होतं, म्हणून त्यांनी फोन उचलला.

आता निरोपाच्या सामन्याची एक रीत आहे. जाणाऱ्या पिचरसमोर विरुद्ध संघाचा फलंदाज मुद्दाम हवेत बॅट फिरवतो. तीन चेंडू, तीन वार वाया, तो बाद, सगळ्यांचे डोळे ओले. शुक्रवारी चारशे अठ्ठ्याण्णवाव्या सामन्यात फलंदाजाने चेंडूपासून हातभर लांब बॅट फिरवली. शनिवारी दुसऱ्याने चेंडू यायच्या आधीच फिरवली. चौदा वर्षांत कुसाकाबेचा चेंडू कधी नव्हे तो फलंदाजांच्या बॅटला लागेना, आणि तेही केवळ संस्कारांमुळे. शनिवारी घरी आल्यावर त्याने खांद्याला मलमही चोळलं नाही. पेपरात मात्र छापून आलं, ‘कुसाकाबे अखेर बहरला.’

रविवारी दुपारी एकचा सामना. आठव्या डावात उडते मासे सात धावांनी मागे होते, म्हणजे परिस्थिती कुसाकाबेला अगदी माहेरची. तो उतरला. फळ्यावर पाचशेचा आकडा लागला. फुसाए पहिल्या रांगेत, शेजारी कमरेला पट्टा बांधलेले त्सुमोरीसान, मागे सगळी गल्ली आगोचे, म्हणजे खऱ्या उडत्या माशाचे, भाजलेले लांबलचक तुकडे झेंड्यासारखे हलवत.

समोर कुराशिगे नावाचा दांडगा फलंदाज होता. पहिल्या चेंडूवर त्याने अदबीने हवा कापली. दुसऱ्यावरही. मैदानात हुंदके सुरू झाले. कुसाकाबे तीन पावलं पुढे आला.

“ओ कुराशिगेसान, गेल्या वर्षी माझ्या चेंडूवर तुम्ही दोनदा मैदानाबाहेर मारलंत. आज काय हात दुखतायत?”

कुराशिगे गोंधळला. “पण... आज तुमचा दिवस आहे.”

“म्हणूनच म्हणतो. माझ्या दिवशी तरी खोटे बाद होऊ नका. नीट टाकतो, नीट मारा.”

पंचांनी बूट पुसायला घेतले.

कुसाकाबेने तिसरा चेंडू टाकला. खालून, कमरेच्या उंचीवरून, आतल्या बाजूला, आयुष्यातला सगळ्यात चांगला. कुराशिगेने दात आवळून बॅट फिरवली. चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून शिंजी सरोवराच्या दिशेने गेला आणि दिसेनासा झाला.

कुराशिगे चार कोपऱ्यांची फेरी धावताना तिसऱ्या कोपऱ्यावर थांबला, हेल्मेट काढून वाकला. कुसाकाबेही टोपी काढून वाकला, आणि हसला. मग प्रशिक्षक पुष्पगुच्छ घेऊन आले. आठ धावांनी मागे पडलेल्या संघाच्या मैदानात मधोमध उभं राहून त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

“केवढा मारला हो!” त्सुमोरीसान कंबर धरून उभे राहत म्हणाले. “नगराध्यक्षांसमोर हा टाकला असता तर आपली अब्रू गेली असती.”

“शेवटचा आहे,” फुसाए म्हणाली, आणि इतका वेळ मांडीत घट्ट दाबून धरलेले हात सोडून तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “टाळ्या वाजवा, त्सुमोरीसान. पाचशे झाले.”