चक्कीवालीच्या आधीची गोष्ट

लातूरला माझं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, घराची पुढची खोली, दोन मशिनी आणि दोऱ्याच्या रिळांची एक मांडणी. गेला महिनाभर बायका साड्या टाकायला कमी आणि सिरियलवर बोलायला जास्त यायच्या.

आमच्या लहानपणी एक हिंदी भुताचा सिनेमा आला होता. बंद पडलेली पिठाची चक्की अमावास्येला आपोआप घरघरायला लागायची आणि आतून पिठानं पांढरीफटक झालेली, केस सोडलेली बाई बाहेर यायची. एवढंच. पण तेवढ्यावर अख्ख्या मराठवाड्यानं रात्री परसाकडं जायचं सोडलं होतं. आता टीव्हीवाल्यांनी त्या बाईची आधीची गोष्ट काढली होती. भूत व्हायच्या आधी ती कोण होती, कुणाची लेक होती, तिला काय झालं. आठ भाग.

"बया, पाच भाग झाले तरी भुताचा पत्ता न्हाई! नुसती रडून राहिलीय," एक गिऱ्हाईक करवादली. दुसरी म्हणाली, "माझी सासू म्हणती, भुताचीच कीव यायला लागली तर मग भ्यायचं कुणाला?" निरोप समारंभासाठी आईची साडी घेऊन आलेली एक कॉलेजची पोरगी मात्र तावातावानं म्हणाली, "काकू, मी तर चक्कीवालीच्या बाजूनं आहे. तिनं अख्ख्या गावाला खायला पाहिजे होतं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हातातल्या इरकलीला फॉल वाकडा लावला. उसवला, परत लावला, परत वाकडा.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसलं झालं होतं. चक्कीवाली हे आमच्या अक्काचं नाव होतं. गल्लीनं पाडलेलं. आणि गल्लीला ते मी दिलेलं.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नांदेडला अंगणवाडीत आहे, एकटी राहते. लग्न झालं नाही. सातव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, बघून राहिलीस का न्हाई? ऐतवारी सकाळी आठवा भाग परत दाखवणार हायेत. ये की इकडं, संगं बघू." मी म्हटलं, साड्या लई पडल्यात. ती म्हणाली, "पडू दे. पळून चालल्यात का साड्या?" झालं. पुढं काय बोलणार?

रविवारी पहाटेची एसटी धरली. जीव कसा थाऱ्यावर नव्हता. खिडकी उघडली, लावली, परत उघडली, तशी शेजारचा बाबा म्हणाला, "बाई, एक काहीतरी ठरवा." फोन काढून सिरियलखालच्या लोकांच्या कमेंटी वाचत बसले. जुनी ती जुनी, नवीला तिची सर न्हाई. हिला भूत म्हणावं का देवी? लहानपणी हा सिनेमा बघून कुणाकुणाची चड्डी ओली झाली, हात वर करा. असल्याच सगळ्या. चाकूर गेलं. आणि मग एक दिसली: आमच्या गल्लीत पण एक चक्कीवाली होती, हा हा हा. कुणाची असेल? कुठली गल्ली? गावोगावी असतील म्हणा. पण मी ती परत परत वाचली. मान वर केली तर गाडी अहमदपूरच्या स्टँडात शिरत होती.

अहमदपूर आमचं गाव. वडील शाळेत मास्तर. गणपतीत गल्लीत पडदा लावून व्हिडिओवर तो सिनेमा दाखवला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. अक्काच्या कानाखाली त्या वर्षी एक पांढरा डाग उठला होता, रुपयाएवढा. कोड. घरात तो शब्द कुणी काढायचा नाही. आई म्हणायची, उन्हानं झालंय, जाईल. तो काही जात नव्हता, हळूहळू गालावर येत होता.

एका सकाळी अक्का माझी वेणी घालत होती. ओढून घालायची ती, डोळ्यांत पाणी यायचं. मी हिसडा देऊन ओट्यावर पळाले आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांसमोर ओरडले, "चक्कीवाली! चक्कीवाली!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. दोन दिवसांत नाव सगळीकडं झालं, आणि आठवड्याभरात मलाही त्यात काही वाटेना.

दिवाळीनंतर पाव्हणे आले, हिमायतनगरकडचे. आमच्याकडं रीत आहे. पोरगी बघायला आलेले लोक थेट घरात शिरत नाहीत. त्यांच्यातली एखादी जाणती बाई मागं राहते आणि कोपऱ्यावरच्या लेकरांना विचारते. मोठी माणसं झाकतील, लेकरं खोटं बोलत नाहीत, असा हिशेब. मी कोपऱ्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, लंगडी खेळत होते. एका म्हातारीनं माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. "बाळ, मास्तरचं घर कोणतं गं? पोरगी कशी हाय त्यांची?"

"चक्कीवाली का? ते बघा, निळ्या दाराचं."

"चक्कीवाली का म्हणतेत गं तिला?"

"तिचं तोंड पिठावानी पांढरं हून राहिलंय म्हणून."

मी त्याच घरची आहे का, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गोळी चोखत राहिले. आत पाव्हण्यांनी चहा घेतला, पण चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या ताटल्यांना कुणी हात लावला नाही. त्या म्हातारीनं अक्काला जवळ बसवलं आणि मायेनं केल्यासारखा तिचा पदर कानावरून मागं सारला. अक्का मान खाली घालून बसली होती. मी दारातून बघितलं.

नंतर आईनं ठरवून टाकलं की समोरच्या काकूनंच चुगली केली. मरेपर्यंत ती त्या काकूशी बोलली नाही. काकू दोनदा देवाची आण घेऊन गेली, रडली. मी तेव्हाही गप्प. पहिले काही दिवस माराच्या भीतीनं, मग वर्षं गेली म्हणून. पुढंही पाव्हणे आले, गेले, डाग वाढत गेला. मी स्वतःला समजवायची, तसंही कळलंच असतं त्यांना. कळलंच असतं! पण ते माझ्या तोंडून कळलं, त्याचं काय करू?

नांदेडला अक्कानं दार उघडलं. आता ती अंगभर गोरी झालीय, डाग म्हणून वेगळा काही उरलेला नाही. अंगणवाडीतली लेकरं तिच्या हातावर बोट फिरवून विचारतात, पीठ लागलंय का मॅडम, आणि ती हसते. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. "हात-पाय धू, सुरू व्हायलंय," म्हणाली.

बघायला बसलो. शेवटच्या भागात चक्कीमालक तिची अब्रू घेतो, गाव तिला चक्कीत कोंडतं, चक्की सुरू होते. मी टीव्हीकडं कमी आणि अक्काकडं जास्त बघत होते. ती एकदाही भ्याली नाही, रडलीही नाही. मधल्या जाहिरातीत उठून भाजी हलवून आली. नावं यायला लागली तसा तिनं आवाज बंद केला.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. समदा दोष त्या मालकावर ढकलून मोकळे झाले." ती रिमोट पुसत होती. "गाव एका दिवसात कोंडतं व्हय? आधी नाव पडतं. हसत हसत पडतं. ते कुणी पाडलं, ते दाखवलंच न्हाई."

"अक्का, मी पाडलं," मी म्हटलं. आणि मग थांबताच येईना. ओटा, वेणी, ती म्हातारी, लिमलेटची गोळी, समोरची काकू, सगळं बाहेर पडलं. रडत होते, नाक पुसत होते, पन्नाशीची बाई मी, शरम वाटत होती तरी बोलत होते.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. खिडकीतूनच बघत हुते मी, पाव्हणे आले का म्हणून. तू बोट दाखवलेलं बघितलं. बोललेलंबी ऐकलं."

"मग आईला का सांगितलं न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून." आता तिचा आवाज चढला. आयुष्यात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. "दहा वर्षांचं लेकरू, चुकलं, आज न्हाई उद्या सांगंल. सोळाची झालीस, लग्न झालं, लेकरं झाली. माय मेली तवा वाटलं, आता तरी काकूच्या पाया पडशील. काकूबी गेली. दर दिवाळीला येतीस, जेवतीस, जातीस. चाळीस वर्षं बघून राहिले मी तुझ्या तोंडाकडं!"

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"आज न्हाई," ती म्हणाली, आता हळू. "सांगितलंस, बरं केलंस. पण आज तुला वाढायला माझा हात उठंना. जा तू. दुपारची गाडी घावंल."

मी पिशवी उचलली. पोचल्यावर फोन करू का, विचारलं.

"तू नको. मला वाटलं की मीच करीन."

आज बुधवार आहे. मशिनीवर फोन उताणा ठेवून बसलेय. सकाळपासून सहा वेळा वाजला. साडी झाली का, फॉल मॅचिंग मिळाला का, आणि एकीनं नुसतं विचारलं, "शेवट बघितला का? कसा वाटला?" मी सांगितलं, अजून कळला नाही.