तुला झेपायचं नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्हाला सांगते, कारण — कारण काही नाही, आता पोटात राहत नाही.

कळव्याच्या एका मराठी शाळेत मी शिकवायचे. माझ्या तिसरीच्या वर्गात हर्षला होती, खाडीत मासेमारी करणाऱ्या भानुदासची मुलगी. भरती रोज उशिरा का येते, किती उशिरा येते, हे तिने आपलं आपणच शोधून फळ्यावर मांडलं. मी बघतच राहिले. पुढे ठाण्यातल्या एका शाळेने खास हुशार मुलांसाठी वर्ग काढला. त्यांनी हर्षलाची परीक्षा घेतली आणि लगेच बोलावलं. फी नाही, बसही त्यांचीच. घरच्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं — वर्गशिक्षिका ना मी!

आमच्याकडे पटाचं काय असतं, ठाऊक आहे? पट उतरला की तुकडी बंद, तुकडी बंद की बाई अतिरिक्त. मग बदली कुठेही. दर मे महिन्यात आम्ही मुलं मागत दारोदार हिंडायचो. त्या वर्षी पट अगदी काठावर होता. एक मूल गेलं असतं तर — हो, एवढंच. घराजवळची नोकरी.

भानुदास लेकीला घेऊन आला. मी म्हटलं, तिथली मुलं मोठ्या घरची, फाडफाड इंग्रजी बोलणारी, ही बावरेल. त्याने मान डोलावली. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार. पण हर्षला हलेना. "बाई, मना जमंल ना?"

आणि मी — डोक्यावरून हात फिरवत, कसली माया होती ती? — म्हणाले, "नाही गं बाळा, तुला झेपायचं नाही."

त्यानंतर तिने फळ्यावर काही मांडलं नाही. पट मात्र राहिला.

परवा ती मासळीबाजारात भेटली, टोपलीमागे बसलेली. शेजारी तिची चुणचुणीत मुलगी.

"बाई, हिला ठाण्याच्या मोठ्या शालेत घालू का? तुमीच सांगा. माजं डोकं तुमी टायमावर ओलखलं, नायतं हसं झालं असतं माजं."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? शब्द ओठावर होते. मी मुलीकडे बघून म्हणाले, "हिला झेपेल."

हर्षला केवढी हसली! "बरं झालं, माज्यावर नाय गेली."

नको नको म्हणताना तिने ताजे बोंबील माझ्या पिशवीत घातले. घरी येऊन मी ते तळले. खाल्लेही.